कंपनीची एकही वायर न कापता डीआरएल कसे जोडावेत

दिवसा गाडी समोरच्याच्या नजरेत भरावी म्हणून बाजारातून आणून लावलेले पांढरे एलईडी दिवे, म्हणजेच डीआरएल (डेटाइम रनिंग लाइट), आता गल्लोगल्ली दिसतात. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत त्याच दोन चुका सापडतात. लाल वायर इग्निशनच्या एखाद्या वायरीला सोलून, पिळून, वर काळी टेप गुंडाळून जोडलेली असते. आणि रात्री हेडलाइट लावला तरी हे दिवे पूर्ण तेजाने जळत राहतात. पहिल्या चुकीचा हिशेब पावसाळ्यात चुकता होतो, दुसरीचा त्रास समोरून येणाऱ्याला रोज होतो. एक पाच पायांचा रिले (विजेने आपोआप बदलणारा स्विच), दोन फ्यूज टॅप (फ्यूजच्या खाचेतच बसून नवी वायर काढून देणारे तुकडे) आणि अर्धा दिवस एवढ्यात दोन्ही टाळता येतात.

आधी दिवा विझायचा कधी ते ठरवा

युरोपात फेब्रुवारी २०११ पासून नव्या मॉडेलच्या मोटारींना डीआरएल सक्तीचे झाले. तिथल्या नियमानुसार डीआरएलचा प्रकाश ४०० ते १२०० कँडेला (प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) असतो. भर उन्हात दिसण्यासाठी तेवढा लागतोच. पण हेडलाइटला असते तशी खाली पाडलेली कडा या दिव्याला नसते, त्यामुळे अंधारात तोच प्रकाश सरळ डोळ्यांत घुसतो. म्हणून त्याच नियमांत हेडलाइट लागताच डीआरएल आपोआप विझावा अशी अट आहे. डिपर मारल्यावर मात्र तो विझायची गरज नाही.

दुसरे कारण याहून गंभीर आहे. डीआरएल लागला म्हणून मागचे दिवे लागत नाहीत. संध्याकाळी किंवा मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरच्या भाताणच्या बोगद्यात शिरताना पुढे उजेड पडलेला दिसतो, चालकाला वाटते दिवे चालू आहेत, आणि मागून येणाऱ्या ट्रकला गाडीचा काळा आकार तेवढा दिसतो. डीआरएल पार्किंग लाइटच्या स्विचशी बांधला की अंधार पडल्यावर तो स्विच फिरवण्याची सवय टिकते.

जोडणीचा नकाशा

चार पायांचा साधा रिले इथे घेऊ नका. ज्याला मधला ८७ए हा पाय आहे तो पाच पायांचा, १२ व्होल्टचा ३० किंवा ४० अँपिअरचा रिले घ्या. रिले झोपलेला असताना ३० आणि ८७ए आतून जोडलेले असतात. आतल्या कॉइलला (८५ आणि ८६ या पायांमधले तारेचे वेटोळे) वीज मिळाली की ३० तिथून सुटतो आणि ८७ला चिकटतो. आपल्याला नेमके हेच हवे आहे:

३० ला इग्निशनवर येणारी वीज, फ्यूजमधून.
८७ए वरून डीआरएलची लाल वायर.
८६ ला पार्किंग लाइटची वीज, हीसुद्धा फ्यूजमधून.
८५ ला अर्थ (गाडीची बॉडी, म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह).
८७ मोकळा.

किल्ली फिरवली की वीज ३० वरून ८७ए मार्गे दिव्यांना जाते. पार्किंग लाइट लावला की कॉइल ओढते, ८७ए तुटतो, डीआरएल विझतो. स्विच बंद केला की पुन्हा लागतो. ८७ मोकळा असला तरी पार्किंग लाइट चालू असताना त्यावर जिवंत वीज असते. म्हणून सॉकेटमधून त्याची वायर काढून टाका, नाहीतर टोकावर हिट श्रिंक (तापवली की आकसणारी नळी) चढवून बंद करा. लोंबकळती ठेवलेली ही वायर बॉडीला टेकली की फ्यूज उडतो, आणि तो फक्त रात्रीच उडत असल्यामुळे कारण लवकर सापडत नाही.

कॉइलचा रोध साधारण ८० ते १०० ओहम असतो, म्हणजे ती १२० ते १५० मिलिअँपिअर घेते. पार्किंग लाइटच्या सर्किटला एवढा बोजा जाणवत नाही. कॉइल बंद होताना उलटा झटका मारते, म्हणून आत रेझिस्टर किंवा डायोड असलेला रिले घ्या. डायोडवाला घेतला तर ८६ ला पॉझिटिव्ह आणि ८५ ला अर्थ हे पक्के पाळा. उलटे जोडले तर डायोडमधून शॉर्ट होतो.

सिग्नल हेडलाइटवरून न घेता पार्किंग लाइटवरून घेण्यालाही कारण आहे. काही गाड्यांत हेडलाइटचा स्विच अर्थच्या बाजूने काम करतो. तिथे बल्बच्या पॉझिटिव्ह पायावर दिवा बंद असतानाही १२ व्होल्ट दिसतात आणि माणूस गोंधळतो. शिवाय हेडलाइटवरून घेतले तर दिवसा डिपर मारताना डीआरएल लुकलुकत राहतो.

सामान

६ ते १० वॉटचा एक असे दोन दिवे पुरेसे. अंगावर ई-मार्क (युरोपीय मान्यतेची खूण) आणि आरएल ही अक्षरे असतील तर उत्तम, कारण मग प्रकाश त्या ४०० ते १२०० च्या पट्ट्यात आहे याची खात्री असते. निदान ९ ते १६ व्होल्ट चालणारा, आत ड्रायव्हर (एलईडीचा प्रवाह नेमका ठेवणारे सर्किट) असलेला दिवा हवा. इंजिन चालू असताना गाडीत १४.४ व्होल्टपर्यंत वीज असते. नुसत्या रेझिस्टरवर चालणाऱ्या स्वस्त पट्ट्या तेवढ्यावर तापतात आणि काही महिन्यांत एकेक एलईडी विझत जाते. पाठीला अ‍ॅल्युमिनियम असलेला, हातात जड लागणारा दिवा निवडा. उष्णता बाहेर जायला तीच जागा असते.

वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची, गाडीसाठीची, बारीक तारांची. घरगुती जाड एकेरी तारेची वायर थरथराटाने आतून तुटते. दोन ८ वॉटचे दिवे मिळून सुमारे १.२ अँपिअर घेतात. पाच मीटर वायरीत त्याने दीड दशांश व्होल्टसुद्धा पडत नाहीत, तेव्हा जाड वायरीवर पैसे घालवू नका. छोट्या हॅचबॅकला लाल ६ मीटर आणि काळी २ मीटर पुरते. कॉइलच्या सिग्नलसाठी तिसऱ्या रंगाची १ मीटर घ्या.

याशिवाय फ्यूज टॅप २, ३ अँपिअरचे जांभळे फ्यूज ४ (दोन वापरायला, दोन हातमोज्यांच्या कप्प्यात), सॉकेटसह रिले, ६ मिलिमीटर बोल्टचे गोल थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या कड्या) ४, आतून गोंद असलेली हिट श्रिंक ट्यूब १ मीटर, वायरीवर चढवायची कोरुगेटेड नळी ४ मीटर, केबल टाय २०, कापडी हार्नेस टेप एक गुंडाळी. काळी पीव्हीसी टेप बॉनेटखाली वापरू नका. उष्णतेने तिचा गोंद पातळ होऊन ओघळतो आणि टेप उलगडते. अवजारांत मल्टिमीटर, खऱ्या दाबाचा क्रिंपिंग टूल, वायर सोलणी, १० नंबरचा पाना आणि क्लिपा काढायची प्लास्टिकची पट्टी. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला ट्यूब, थिंबल, मल्टिमीटर सुटे मिळतात. फ्यूज टॅप मात्र गाडीचा एक फ्यूज सोबत नेऊन जुळवूनच घ्या. मिनी, लो प्रोफाइल मिनी आणि मायक्रो-२ हे फ्यूज दिसायला सारखे असले तरी एकमेकांच्या खाचेत नीट बसत नाहीत, आणि जबरदस्तीने बसवला तर खाच कायमची सैल होते.

फ्यूज किती अँपिअरचा यावर घासाघीस करू नका. दिव्यासोबत आलेली वायर केसासारखी बारीक असते. वर १० अँपिअरचा फ्यूज असेल तर शॉर्ट झाल्यावर आधी वायर जळेल, फ्यूज शाबूत राहील. १.२ अँपिअरच्या कामाला ३ चा फ्यूज योग्य.

वीज कुठून घ्यायची

स्टिअरिंगजवळ डॅशबोर्डखाली फ्यूज बॉक्स असलेल्या गाड्यांत सगळी जोडणी केबिनच्या आतच होते. रिले कोरडा राहतो आणि बॉनेटखाली एकच वायर जाते. फ्यूज फक्त बॉनेटखालीच असतील तर रिले बॅटरीजवळ उंचावर, पाय खाली करून बांधा. पाय वर ठेवले तर सॉकेट म्हणजे पाण्याची वाटी होते.

पहिला टॅप किल्लीच्या ऑन स्थितीत जागा होणाऱ्या आणि स्टार्टर फिरताना तुटणाऱ्या फ्यूजवर हवा. बहुतेक गाड्यांत वायपर किंवा ब्लोअरची लाइन अशी असते, म्हणजे सेल्फ मारताना दिवे मिचमिचत नाहीत. सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज सोपा वाटतो, पण तो अ‍ॅक्सेसरी स्थितीतही चालू असतो. गाडी उभी करून गाणी ऐकत बसलात तरी डीआरएल जळत राहतील. एअरबॅग, एबीएस, इंजिन ईसीयू (इंजिनचा संगणक), फ्युएल पंप आणि पॉवर स्टिअरिंग यांच्या फ्यूजला हात लावायचा नाही. पिवळ्या कनेक्टरच्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांत टेस्ट लॅम्प तर नाहीच, मल्टिमीटरची सुईही खुपसू नका.

दुसरा टॅप टेल किंवा पार्किंगच्या फ्यूजवर. इथे एक खात्री करावी लागते. काही गाड्यांत हा फ्यूज स्विचच्या आधी असतो आणि त्यावर कायम वीज असते. मल्टिमीटरचा काळा प्रोब बॉडीला आणि लाल फ्यूजच्या पाठीवरच्या उघड्या ठिपक्याला लावा. स्विच बंद असताना शून्य आणि चालू केल्यावर १२ व्होल्ट आले तर फ्यूज कामाचा. कायम १२ येत असतील तर पुढच्या पार्किंग बल्बच्या होल्डरपाशी बसणारे तयार टी-१० वाय कनेक्टर (छोट्या बल्बच्या मापाचे, एका जोडाचे दोन फाटे करणारे) वापरा. तिथेही वायर कापावी लागत नाही.

टॅप कोणत्या बाजूने बसवायचा हे बहुतेक जण बघत नाहीत. मूळ फ्यूज काढा, किल्ली ऑन करा, रिकाम्या खाचेच्या दोन पट्ट्यांपैकी कोणती जिवंत आहे ते पाहा. टॅपचा जो पाय दोन्ही फ्यूजना सामाईक आहे तो जिवंत पट्टीत गेला पाहिजे. तेव्हाच जुने आणि नवे सर्किट आपापल्या फ्यूजवर चालते. उलटा बसला तर नव्या दिव्यांचा प्रवाह जुन्या फ्यूजमधूनही जातो. काम चालते, पण संरक्षण बिघडते. पार्किंगच्या फ्यूजसाठी हीच तपासणी दिव्याचा स्विच चालू ठेवून करा.

दिवे बसवणे

बसवण्याआधी दोन्ही दिवे सुट्या बॅटरीवर फ्यूज लावून अर्धा तास जाळा. एक निळसर आणि एक पिवळसर निघाला तर तेव्हाच दुकानात परत करता येतो.

युरोपच्या नियमात दिव्याची उंची जमिनीपासून २५० ते १५०० मिलिमीटर आणि दोन दिव्यांच्या आतल्या कडांमधले अंतर किमान ६०० मिलिमीटर आहे. हीच मापे धरा. नंबर प्लेटच्या मध्यापासून दोन्हीकडे टेपने मोजा, मास्किंग टेपने खुणा करा, आणि दहा पावले मागे जाऊन बघा. डोळ्याला जाणवणारा तिरकेपणा मोजपट्टीवर सहज सुटतो. रेडिएटरची हवा, पार्किंग सेन्सर आणि टो हुकचे झाकण मोकळे ठेवा. रंग पांढराच. पुढून लाल-निळे किंवा लुकलुकणारे दिवे लावले तर वाहतूक पोलीस थांबवणारच, आणि ते बरोबर आहे.

चिकटवायचे असतील तर दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पावसाळ्यात हेअर ड्रायरने कोरडे करा, मग दुपदरी व्हीएचबी टेप जोराने दाबा. वीस मिनिटांत तिची निम्मी पकड तयार होते, एका दिवसात नव्वद टक्के, पूर्ण व्हायला तीन दिवस लागतात. तोवर गाडी धुऊ नका. नुसत्या टेपवर जड दिवा ठेवू नका, मागून ब्रॅकेट हवाच. भोक पाडायचे तर आधी ३ मिलिमीटरचे, मग हवे तेवढे मोठे.

बंपर पूर्ण उतरवायची गरज क्वचित पडते. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून चाकाच्या कमानीतले प्लास्टिकचे लायनर पुढून सैल केले की हात आत जातो.

वायर ओढणे आणि जोडणे

आता १० च्या पान्याने बॅटरीचा निगेटिव्ह काढा. काही गाड्यांत नंतर काचेचे ऑटो अप-डाउन आणि घड्याळ पुन्हा लावावे लागते, एवढी तयारी ठेवा.

केबिनमधून बॉनेटखाली जायला फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांमधला पत्रा) कंपनीच्या हार्नेसचे, म्हणजे वायरींच्या जुडग्याचे, रबरी ग्रोमेट (भोकात बसवलेली कडी) असते. त्याच्या मोकळ्या भागात बारीक छेद करून जाड तारेच्या साहाय्याने वायर ओढून घ्या, आणि छेद सिलिकॉनने बुजवा. सिलिकॉन न्यूट्रल क्युअर असावे. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन तांबे खाते. ग्रोमेटशिवाय पत्र्याच्या भोकातून वायर नेली तर दर खड्ड्याला पत्र्याची धार तिचे आवरण कापत राहते.

पुढे कंपनीच्या हार्नेसच्या सोबतीनेच जा. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, पंखा, बेल्ट, बॉनेटचे बिजागर आणि कुलूप यांपासून दूर. संपूर्ण लांबीवर कोरुगेटेड नळी, दर २० ते २५ सेंटिमीटरला केबल टाय. दिव्यापाशी वायर आधी खाली झुकवून मग वर न्या, म्हणजे ओघळणारे पाणी त्या झोळीतून गळून पडते, कनेक्टरमध्ये जात नाही.

रेडिएटरच्या वर लाल वायरीचे दोन फाटे करा. जोड क्रिंप करून त्यावर गोंदवाली हिट श्रिंक चढवा. निळे-लाल टी-टॅप, जे दाबून जुन्या वायरीत पाते घुसवतात, ते वापरू नका. पाते काही तारा तोडते आणि उघड्या तांब्यावर हिरवा गंज चढतो; कोकणातल्या खाऱ्या हवेत तर फार लवकर. सोल्डर करायचेच असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर बांधून टाका, कारण सोल्डर जिथे संपतो तिथे वायर कडक होऊन थरथराटाने तुटते.

अर्थिंगवर वेळ घालवा. डीआरएलच्या तक्रारी तपासायला घेतल्या की बहुतेक वेळा बोट इथेच येते. प्रत्येक दिव्याची काळी वायर जवळच्या बॉडीच्या बोल्टला द्या. पण आधी तो बोल्ट खरेच बॉडीशी जोडलेला आहे का ते मल्टिमीटरने तपासा. आजकाल अनेक गाड्यांची रेडिएटरची चौकट प्लास्टिकची असते आणि तिच्यातला बोल्ट कुठेच जोडलेला नसतो. बोल्टखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, थिंबल आवळा, मग वरून ग्रीस किंवा रंग लावा. थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर जाऊ नका. स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाड्यांत तिथे बॅटरी सेन्सर बसलेला असतो आणि त्याला बगल देऊन गेलेला प्रवाह त्याच्या मोजणीत येत नाही. दिवे चालू असताना दिव्याची काळी वायर आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर अर्थ पुन्हा करा.

चाचणी

निगेटिव्ह लावा. किल्ली ऑन: डीआरएल लागले पाहिजेत. पार्किंग लाइट: विझले पाहिजेत, रिलेचा टक् आवाज यायला हवा. दिवसाच्या स्थितीत डिपर: फरक पडू नये. किल्ली काढली: अंधार. शेवटी वायपर, ब्लोअर आणि मागचे दिवे पूर्वीसारखे चालतात का ते बघा. या जोडणीत गाडी बंद असताना काहीच वीज खर्च होत नाही, तेव्हा बॅटरीचा उभ्या गाडीतला गळतीचा आकडा आधी जेवढा होता तेवढाच नंतर आला पाहिजे.

काय बिघडते

रिले खरखरतो: गाडीचा बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे वगैरे सांभाळणारा संगणक) पार्किंग बल्बला सलग वीज न देता झटक्यांनी देतो. अनेक युरोपीय गाड्यांत असे असते. तिथे साधा रिले न वापरता असा सिग्नल झेलणारे तयार डीआरएल मॉड्यूल घ्या.

गाडी बंद केल्यावर एलईडी मंद तेवत राहते: मॉड्यूल बल्ब शाबूत आहे का हे बघायला सोडतो तो किंचित प्रवाह तिला पुरतो. दिव्याच्या लाल आणि काळ्या वायरीत १ किलोओहम, अर्ध्या वॉटचा रेझिस्टर आडवा टाका.

बॅटरीला दोन वायरी लावा, बाकी काही नको असे सांगणारे मॉड्यूल बॅटरीचा व्होल्टेज बघून इंजिन चालू आहे का ते ओळखते, साधारण १३ च्या वर गेला की दिवे लावते. जुन्या गाडीत ते चालते. स्मार्ट अल्टरनेटर (गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करणारा) असलेल्या गाडीत इंजिन चालू असतानाही व्होल्टेज १२.५ पर्यंत उतरतो आणि दिवे मध्येच विझतात. त्यावर इलाज नाही, इग्निशनवरूनच जोडा.

एफएमवर खरखर आली तर ती दिव्याच्या स्वस्त ड्रायव्हरची. दिव्याजवळ वायरीवर फेराइटची कडी चढवा, वायर अँटेनापासून दूर न्या. कमी झाली नाही तर दिवा बदला.

इंडिकेटरसह येणाऱ्या दिव्यांत पिवळी वायर सहसा इंडिकेटरची असते, पण किटमधल्या रंगांवर भरवसा ठेवू नका, बॅटरीवर एकेक वायर लावून बघा. मूळ इंडिकेटरचा बल्ब तसाच ठेवून हा दिवा समांतर जोडला तर इंडिकेटरचा वेग बदलत नाही. बल्ब काढून टाकला तरच तो घाईने लुकलुकतो.

काचेत वाफ धरली तर घाबरून सगळ्या फटी सिलिकॉनने बुजवू नका. दिव्याच्या खालच्या बाजूचे बारीक भोक वाफ बाहेर जाण्यासाठीच असते. ते वर आले असेल तर दिवा उलटा बसला आहे.

आणि उंदीर. गाडी चार दिवस उभी राहिली की बॉनेटखालची नवी वायर त्यांना सापडतेच. जाड नळी, टोकांना कापडी टेप, आणि वायर सपाट जागेवर आडवी न ठेवता हार्नेसच्या पोटाशी बांधलेली असली की कुरतडायला तोंड कमी मिळते. दर सर्व्हिसिंगला त्या नळीवरून एकदा हात फिरवा. दात लागलेली जागा बोटाला आधी कळते, फ्यूज उडतो तो त्यानंतर.